तळे राखणार कोण?

जैसलमेरला वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. बेंगळुरूला सरासरी साडेनऊशेच्या वर पडतो. या शहराच्या दक्षिण टोकाला, तमिळनाडूच्या हद्दीला खेटून असलेला आनेकल तालुका त्याच पावसाच्या पट्ट्यात येतो. तरीही उन्हाळा लागला की इथल्या सोसायट्यांच्या फाटकाशी टँकरची रांग लागते, हजार-बाराशे फूट खोल नेलेल्या कूपनलिकेतून नुसता धुरळा वर येतो आणि भाड्याच्या खोल्यांतल्या बायका कारखान्याची पाळी गाठण्याआधी घागरी घेऊन उभ्या राहतात. जैसलमेरच्या चौपट पाऊस झेलणाऱ्या मुलखावर ही पाळी आभाळाने आणलेली नाही. ती माणसांनी आणली, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी सही करून आणली.

आनेकल हे नाव मराठी वाचकाला लांबचे वाटेल. ते तसे नाही. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली आणि पुढे तिचे मुख्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीत उभे राहिले. त्या इलेक्ट्रॉनिक सिटीला लागूनच आनेकल तालुका सुरू होतो. हेब्बगोडी, बोम्मसंद्रा, चंदापुरा, जिगणी, अत्तिबेले, सर्जापुरा ही सगळी त्याच तालुक्यातली गावे. नोकरीसाठी गेलेल्या मराठी मुलांनी इथे फ्लॅट घेतले, आईवडिलांना बोलावून घेतले, गणपती बसवले. त्यांच्या नळाला काय येते, याची चौकशी पुणे-नाशिक-कोल्हापुरातल्या घरांनीही करायला हवी. शिवाय हिंजवडी आणि वाघोलीत राहणाऱ्यांना आनेकलची गोष्ट ऐकताना आपलेच गाव दिसेल.

टँकरचा भाव

२०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूची पाणीटंचाई देशभर गाजली. शहरातल्या सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० आटल्याचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सांगितले. आपल्या घरची कूपनलिकाही आटल्याचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार बोलले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लागू झाला. प्रशासनाने टँकरचे दर बांधून दिले: पाच किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरला १,००० रुपये.

आता हिशेब करा. बांधून दिलेला हा दर हजार लिटरला ८३ रुपये पडतो. त्या वेळी शहराच्या जलमंडळाचा घरगुती वापराचा सर्वांत खालचा दर हजार लिटरला ७ रुपये होता. म्हणजे ज्याच्या घरी कावेरीचा नळ आहे त्याला सात, आणि ज्याच्या घरी नाही त्याला नियंत्रित दरातही बारापट. नळ शहराच्या मध्यभागी आहे. टँकर कडेला, आनेकलसारख्या भागात. जो शहरापासून जितका लांब फेकला गेला, त्याच्याकडून पाण्याचे तितके जास्त पैसे घेतले जातात. याला टंचाई म्हणणे चूक आहे. हा अन्याय आहे, आणि तो दर उन्हाळ्यात नव्याने वसूल होतो.

टँकरवाल्याला शिव्या देऊन काही साधत नाही. तो पाणी तयार करत नाही, एका गावच्या जमिनीतून उपसतो आणि दुसऱ्या गावच्या टाकीत ओततो. कालपर्यंत ज्या विहिरीवर नाचणी, तुती आणि फुलशेती पोसली जात होती, तिचे पाणी आज टँकरमध्ये भरण्यात शेतकऱ्याला जास्त पैसे दिसतात. पीक बुडाले तर भरपाईसाठी खेटे घालावे लागतात, टँकरचे पैसे संध्याकाळी हातात पडतात. त्या शेतकऱ्याला दोष देण्याआधी त्याच्या पिकाला भाव द्या.

खडक खोटे बोलत नाही

आनेकलच्या पोटात नाइस आणि ग्रॅनाइट हे कठीण खडक आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणासारखेच तेही पाणी साठवायला कंजूस. वरच्या झिजलेल्या, मुरुमाच्या थरात थोडे पाणी राहते आणि खाली गेले की ते फक्त भेगांत सापडते, जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या ओलीसारखे. वरचा थर दर पावसाळ्यात भरतो. खालच्या भेगा भरायला किती तरी जास्त वेळ लागतो. म्हणून दीडशे फुटांवरून पाचशे, पाचशेवरून हजार, हजारावरून पंधराशे फूट असा प्रवास केला की आपण आधीच्या पिढ्यांचे आणि पुढच्या पिढ्यांचे पाणी एकदम उपसत असतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत आनेकल ‘अतिउपसा’ या गटात मोडतो. वर्षभरात जमिनीत जितके पाणी उपसण्याजोगे मुरते, त्याहून जास्त बाहेर काढले जाते, असा त्याचा अर्थ. कर्नाटकाने २०११ साली भूजलाचा कायदा केला. त्यानुसार अधिसूचित भागात कूपनलिका खोदायला परवानगी लागते. कायदा आहे, अधिसूचना आहे, आणि खोदाईची गाडी रात्रभर घरघरत असते. शेजाऱ्याची कूपनलिका आटली की आपण शंभर फूट जास्त खोल जायचे, या शर्यतीत शेवटी कुणीच जिंकत नाही. सगळ्यांत आधी हरतो तो मात्र नेहमी तोच: ज्याच्याकडे खोदाईला पैसे नाहीत.

साखळी तोडली कुणी?

या भागात मोठी नदी नाही. म्हणून इथल्या जुन्या लोकांनी तलाव बांधले, आणि सुटे बांधले नाहीत. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी ओढ्यातून खालच्या तलावात, तिथून पुढच्या तलावात. कन्नडमध्ये सांडव्याला कोडी म्हणतात, मोठ्या नाल्याला राजकालुवे. तलावाचे दार किती उघडायचे, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचे, हे पाहणारा नीरगंटी गावोगाव असे. तो बहुधा दलित समाजातला. गावाच्या पाण्याचे सगळे शहाणपण त्याच्या हातात होते आणि गावाच्या उतरंडीत त्याची जागा तळाला होती. ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणा, असे कुणी म्हणू नये. पण तिने एक गोष्ट पक्की केली होती: प्रत्येक तलावाला एक नाव-गाव असलेला राखणदार होता.

आज तो नाही. के. बी. कोळीवाड समितीने बेंगळुरू शहर आणि ग्रामीण या दोन जिल्ह्यांतले दीड हजारांवर तलाव तपासले. सुमारे ५७ हजार एकर तलावक्षेत्रापैकी १० हजार एकरांहून जास्त जमिनीवर अतिक्रमण झाल्याचे त्या समितीने नोंदवले. या अतिक्रमणात झोपड्याच आहेत असे समजू नका. प्लॉट पाडणारे, कारखाने, रस्ते, बसस्थानके, सरकारी वसाहती असे सगळे त्यात आहेत.

तलाव बुजवला तर एका तलावाचे नुकसान होते. नाला बुजवला तर त्याच्या खालचे सगळे तलाव मरतात. आणि पाणी आपली वाट विसरत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्जापूर रस्त्यावरच्या कोट्यवधींच्या बंगल्यांत कमरेएवढे पाणी शिरले. माणसांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले. दीड वर्षाने त्याच पट्ट्यात टँकर मिळेना. पूर आणि टंचाई ही दोन संकटे नाहीत. तोडलेल्या साखळीची ही दोन टोके आहेत.

अशा वेळी नाल्याकाठी आणि तलावाकाठी जास्त जागा मोकळी सोडायची की कमी? राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली तलावाभोवती ७५ मीटर मोकळी जागा ठेवायला सांगितले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि शहराच्या विकास आराखड्यातले ३० मीटर कायम राहिले. २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळात तलावाच्या आकारानुसार ही जागा आणखी घटवणारे विधेयक आले. लहान तलावाला लहान पट्टा, असा त्यातला हिशेब. आनेकलची साखळी ज्यांच्या जिवावर उभी आहे ते बहुतेक तलाव लहानच आहेत. त्यांचा काठ विकायला काढणे म्हणजे पुढच्या पुराची आणि पुढच्या टंचाईची तारीख ठरवून टाकणे.

चंदापुरा आणि पलीकडचा शेतकरी

चंदापुराचा तलाव होसूर महामार्गाजवळ आहे. भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी आणि उद्योगांचे दूषित पाणी त्यात येत राहिले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या एका तलावाच्या हानीबद्दल कर्नाटक सरकारला ५०० कोटी रुपये बाजूला काढायला सांगितले. एका तालुक्यातल्या एका तलावासाठी ५०० कोटी. हा आकडा वाचून ज्याची झोप उडाली नाही, त्याने सार्वजनिक पदावर राहू नये.

चंदापुराचे पाणी पुढे मुत्तनल्लूरच्या तलावाकडे आणि शेवटी दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात जाते. याच नदीत बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर-वर्तूर साखळीचे घाण पाणीही उतरते. होसूरजवळच्या केलवरपळ्ळी धरणाच्या दारांतून पांढऱ्या फेसाचे डोंगर बाहेर पडताना वृत्तवाहिन्यांवर अनेकदा दिसले आहेत. त्या पाण्यावर तमिळनाडूतले शेतकरी भाजीपाला पिकवतात, आणि भाजीपाल्याला राज्याची हद्द नसते. ज्या घराने नाल्यात सोडले, त्याच घराच्या ताटात ते परत येऊ शकते.

कावेरीच्या पाण्यासाठी दोन्ही राज्ये रस्त्यावर उतरतात, बस अडवतात, बंद पुकारतात. पिनाकिनीच्या फेसासाठी बंद कधी पुकारला गेल्याचे ऐकिवात नाही. पाणी किती मिळाले यावर अस्मिता पेटते, कसे दिले यावर कुणी तोंड उघडत नाही. ही अस्मिता अर्धवट आहे. शेजाऱ्याला विष पाजून आपले हक्काचे पाणी मागता येत नाही.

क्यालसनहळ्ळीने काय दाखवले?

याच तालुक्यात उलटे उदाहरणही आहे, आणि ते अभिमानाने सांगितले पाहिजे. २०१७ साली आनंद मल्लिगवाड या यांत्रिकी अभियंत्याने क्यालसनहळ्ळीचा ३६ एकरांचा तलाव पुन्हा उभा केला. ते ज्या सनसेरा कंपनीत काम करत होते, तिच्या सामाजिक निधीतून पैसे आले. गाव जोडीला आले, गाळ निघाला, त्या गाळाची बेटे झाली, झाडे लागली. सगळे काम सुमारे ४५ दिवसांत झाले. त्यानंतर वाबसंद्रा आणि कोनसंद्रा इथले तलावही त्यांनी हाती घेतले. हेब्बगोडीच्या तलावासाठी बायोकॉन फाउंडेशन पुढे आले.

३६ एकरांत सरासरी दोन मीटर पाणी उभे राहिले तर ते २९ कोटी लिटर होते. १२ हजार लिटरचे जवळजवळ २४ हजार टँकर. यातले काही उन्हात उडेल, बरेच जमिनीत मुरेल आणि आसपासच्या विहिरींना जिवंत करेल. ज्या जमिनीचा भाव चौरस फुटात मोजला जातो, तिचा हा भावही एकदा मोजून पाहावा.

तरीही एका गोष्टीवर बोट ठेवायला हवे. तलाव ४५ दिवसांत उभा राहतो, राखावा लागतो वर्षानुवर्षे. वरून येणारा नाला बुजला असेल तर स्वच्छ केलेला तलाव कोरडा राहतो. नाल्यातून सांडपाणी येत असेल तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा गटार होतो. कंपनीचा निधी तीन वर्षांनी दुसऱ्या विषयाकडे वळतो. कार्यकर्ता किती तलावांवर पहारा देणार? मल्लिगवाड यांच्यासारख्या माणसांचे सत्कार करून सरकारने आपली जबाबदारी उरकली, असे होता कामा नये. एका माणसाला जे जमले ते यंत्रणेला का जमत नाही, हा प्रश्न प्रत्येक सत्काराच्या व्यासपीठावर विचारला गेला पाहिजे.

मेट्रो आली, नळ कधी?

१० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरू मेट्रोच्या यलो लाइनचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्रापर्यंत १९ किलोमीटर. चांगले झाले. होसूर रस्त्यावर तासन्‌तास अडकणाऱ्या कामगाराला ती हवीच होती. त्यानंतर राज्य सरकारने बोम्मसंद्राच्या सूर्यनगरात ८० हजार प्रेक्षकांच्या क्रिकेट स्टेडियमलाही मान्यता दिली. खर्च १,६५० कोटी.

प्रत्येक घोषणेबरोबर जमिनीचा भाव चढतो, नवे टॉवर येतात, नवी माणसे येतात. त्यांचे पाणी कुठून येणार, हे त्या घोषणेत नसते. कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून, पाचशे मीटर चढ चढवून शहरात आणतात. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला ७७.५ कोटी लिटरचा. तो २००७ मध्ये महापालिकेत आलेल्या ११० गावांसाठी होता. त्या गावांना शहरात आल्यावर नळासाठी १७ वर्षे थांबावे लागले. आनेकलच्या नगरपालिका आणि पंचायती त्या हद्दीच्या बाहेर. तिथल्या बहुतेक वस्त्या आजही कूपनलिका आणि टँकरवर जगतात.

आणि समजा कावेरी आनेकलला आली, तर प्रश्न सुटेल? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये बेंगळुरूच्या पिण्याच्या पाण्यासाठी ४.७५ टीएमसी वाढवून दिले. दर दहा वर्षांनी शहर फुगणार आणि दर दहा वर्षांनी न्यायालय नदीत पाणी वाढवून देणार, असे होत नसते. नदीतले पाणी पाऊस ठरवतो. २०२३ मध्ये पाऊस हुकला तेव्हा कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले होते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

मालक सतराशे साठ

आनेकलच्या एखाद्या तलावाची तक्रार करायची ठरवा. जमीन महसूल खात्याची. बांध-सांडवा लघुपाटबंधारे खात्याकडे किंवा जिल्हा पंचायतीकडे. आत येणारे सांडपाणी नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे. कारखान्याचे पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. कारखान्याला जमीन दिली औद्योगिक मंडळाने, वसाहत उभी केली गृहनिर्माण मंडळाने, आराखड्याला मंजुरी नियोजन प्राधिकरणाची. प्रत्येक कार्यालयात बसलेल्या माणसाकडे पुढच्या कार्यालयाचा पत्ता तयार असतो. परवानगी देण्याचा अधिकार सगळ्यांकडे आहे, पाणी देण्याची जबाबदारी कुणाकडेच नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीला २०१३ मध्ये स्वतःचे औद्योगिक नगर प्राधिकरण मिळाले. तिथला मालमत्ता कर तिथेच खर्च होतो आणि रस्त्यांवर, झाडांवर त्याचा फरक दिसतो. चांगल्या व्यवस्थेचे कौतुकच आहे. पण त्या कंपन्यांत साफसफाई करणारी, जेवण बनवणारी, पहारा देणारी माणसे कुंपणाबाहेरच्या खोल्यांत राहतात. कुंपणाच्या आत कर, बाहेर कामगारांची तहान. ही वाटणी बदलली पाहिजे. जिथे श्रम करणारे राहतात, तिथल्या पंचायतीला आणि नगरपालिकेला त्या उत्पन्नाचा वाटा मिळाला पाहिजे.

जबाबदारी विचारायला लोकप्रतिनिधी हवा. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणूक झाली नाही. बेंगळुरू महापालिकेचे निवडून आलेले सभागृह सप्टेंबर २०२० मध्ये संपले. २०२५ मध्ये बृहत बेंगळुरू प्राधिकरण आले, एका महापालिकेच्या पाच झाल्या. पाट्या बदलायला वेळ मिळाला, मतपेट्या मांडायला मिळाला नाही. महाराष्ट्राने हसू नये. पुण्यातही मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचे राज्य होते. ज्या गावाला नगरसेवक नाही, त्या गावाची तहान कुणाच्या दारात जाऊन ओरडणार?

जंगलाचा काठ

तालुक्याच्या पश्चिमेला बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. इथल्या टेकड्यांत सुवर्णमुखीचा ओढा उगम पावतो आणि अर्कावतीमार्गे कावेरीला मिळतो. उद्यानाभोवती २०१६ च्या मसुद्यात २६८ चौरस किलोमीटरचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र धरले होते. अंतिम अधिसूचनेत ते १६८ वर आले. शंभर चौरस किलोमीटर एका फटक्यात बाहेर. हत्ती वस्तीत आला की आपण बातमी करतो. वस्ती हत्तीच्या आणि ओढ्याच्या वाटेत गेली, ही बातमी मात्र राजपत्रात छापून येते आणि कुणी वाचत नाही. पाऊस जिथे जमिनीत उतरतो ती जागा वाचवणे हे पाणीपुरवठ्याचेच काम आहे. त्याला प्राणीप्रेमींचा छंद समजणाऱ्यांनी आपल्या कूपनलिकेची खोली आठवावी.

फ्लॅट घेणाऱ्या मुलांनो, मुलींनो

तुमच्याशी थेट बोलतो. पाचशे घरांचे संकुल धरा. घरात चार माणसे, माणशी दिवसाला १३५ लिटर. रोजचे २ लाख ७० हजार लिटर, म्हणजे रोज बावीस-तेवीस मोठे टँकर. बिल्डरच्या माहितीपुस्तकात पोहण्याचा तलाव आहे, क्लब हाउस आहे. पाणी कुठून येणार याचे पान शोधा. सापडत नसेल तर सही करू नका. कूपनलिका किती, किती खोल, मागच्या मे महिन्यात टँकरचे बिल किती आले, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. घराच्या हप्त्यात टँकरचा हप्ता कुणी धरत नाही आणि तो कधी फिटत नाही.

शंभर चौरस मीटरच्या छपरावर ८५० मिलिमीटर पाऊस पडला तर ८५ हजार लिटर होतात. वाया जाणारे सोडले तरी ६५-७० हजार हाती लागतात. चार माणसांच्या घराचे सुमारे चार महिने. पण दहा मजल्यांना छप्पर एकच असते, म्हणून टॉवरवाल्यांनी नुसत्या छपरावर विसंबू नये. त्यांचा खरा साठा सांडपाण्यात आहे. वापरलेल्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला जातात, तिथे पिण्याचे पाणी कशाला? मोठ्या संकुलांना सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सक्तीचे आहे. ते केंद्र बांधले जाते, पण वीजबिल वाचवण्यासाठी बंद ठेवले जाते आणि रात्री मैला नाल्यात सोडला जातो, अशा तक्रारी सगळीकडून येतात. तुमच्या संकुलात तसे होत असेल तर चंदापुराच्या तलावात तुमचाही वाटा आहे. सोसायटीच्या सभेत वाहनतळावर तीन तास भांडता. एक तास शुद्धीकरण केंद्राची नोंदवही उघडून वाचा.

हेच सरकारलाही लागू आहे. २०१८ पासून कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले प्रक्रिया केलेले पाणी कोलारच्या तलावांत सोडले जाते आणि तिथल्या आटलेल्या विहिरींना त्याने पाणी आले. आनेकलच्या तलावांसाठीही तशा योजना आखल्या गेल्या. त्या जरूर व्हाव्यात, पण प्रक्रिया अर्धी सोडू नये. जमिनीत मुरणारे पाणी उद्या कुणीतरी पिणार आहे. ते तपासून, तपासणीचे निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावूनच सोडावे.

आता पुण्याकडे बघा

हिंजवडीत जगभरातल्या कंपन्या आहेत आणि गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. मेट्रोचे खांब उभे आहेत आणि सोसायट्यांत टँकर आहेत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड आणि किरकटवाडी या भागांत, हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन बॅरे आजाराची साथ आली. दोनशेहून जास्त रुग्णांची नोंद झाली आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. महापालिकेत आलेल्या गावांना कर शहराचा लागतो आणि पाणी मात्र पुरेशा शुद्धीकरणाविना मिळते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. हातपायांतले बळ गेलेल्या माणसाला हद्दवाढीचा नकाशा दाखवून काय उपयोग?

आपल्याकडे हिवरे बाजारने वर्षानुवर्षे पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती पडला ते मोजायचे, मग कोणते पीक किती घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातले गाव हे करू शकते. अब्जावधींची निर्यात करणारे तालुके ते करू शकत नाहीत, हे कोणत्याही सबबीने पटणार नाही.

तीन मागण्या

पहिली. ज्या प्रकल्पाला कायमचा नळ किंवा सिद्ध झालेला पाण्याचा स्रोत नाही, त्याला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. टँकरचा करार हा स्रोत धरू नका. पाण्याचा हिशेब आधी, बांधकामाची परवानगी नंतर. स्टेडियम, टाउनशिप, डेटा सेंटर, सगळ्यांना हाच नियम.

दुसरी. प्रत्येक तलाव-साखळीला एकच मालक ठरवा, माथ्यापासून नदीपर्यंत. त्या समितीत वरच्या आणि खालच्या गावांचे निवडून आलेले लोक असू द्या, होसूरच्या बाजूचे शेतकरीही असू द्या. तिच्याकडे पैसा द्या, नाला मोकळा करण्याचा आणि कारखान्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार द्या. प्रत्येक तलावावर पगारी राखणदार नेमा. त्याला सन्मानाचे पद आणि नियमित वेतन द्या, म्हणजे नीरगंटीच्या ज्ञानाचा मान राहील आणि त्याच्यावर झालेला अन्याय पुन्हा होणार नाही.

तिसरी. निवडणुका घ्या. पंचायतीच्या, पालिकांच्या, सगळ्या. आणि भाड्याने राहणाऱ्या कामगाराचे नाव तिथल्या मतदारयादीत घ्या. ओडिशा, बिहार, उत्तर कर्नाटकातून आलेली ही माणसे जिगणीच्या ग्रॅनाइटच्या धुळीत आणि बोम्मसंद्राच्या कारखान्यांत राबतात. घागर भरायच्या रांगेत ती सगळ्यांत मागे असतात, कारण त्यांचे मत कुठल्याच उमेदवाराला मोजावे लागत नाही.

तळे राखील तो पाणी चाखील, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आनेकलमध्ये चाखणारे लाखो झाले आणि राखणारा उरला नाही. पुढचा पावसाळा येईल, भरपूर येईल, आणि तोही नाल्यातून होसूरकडे वाहून जाईल. तो अडवायचा की नाही, हे आता अभियंत्यांच्या हातात उरलेले नाही, त्यांना उत्तर कधीचे माहीत आहे. ते तिथे राहणाऱ्यांच्या, मत देणाऱ्यांच्या आणि सही करणाऱ्यांच्या हातात आहे. पाण्याविना दिलेल्या प्रत्येक परवानगीवर ज्याची सही आहे, त्याचे नाव लोकांनी विचारावे आणि ते नाव जाहीर होईपर्यंत विचारत राहावे.